विष्णुभट गोडसे यांचे गणगोत

‘माझा प्रवास’ हे पुस्तक ज्यांनी एकदा वाचले त्यांस झाशीचा वेढा, शहरातील कत्तल, वाटेवरची लूट ही सारी विसरता येत नाहीत. पण पुस्तक मिटल्यावर आमच्या मनात एक निराळाच प्रश्न घोळत राहिला. ज्या कर्जाच्या ओझ्याने पेण तालुक्यातील वरसई गावचा हा तरुण भिक्षुक 1857 साली काका रामभट यांस सोबत घेऊन उत्तरेकडे निघाला, ते कर्ज ज्या घरावर होते त्या घरात माणसे तरी कोण कोण होती? मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा चांगली मिळेल, ही वार्ता कानी येताच आईवडिलांची समजूत घालून तो निघाला, एवढे तो स्वतःच सांगतो. आईवडील, भावंडे, काका यांच्या पलीकडे त्याचे आप्त किती, ते कोठे पांगले, त्यांची आज ओळख कशी पटवावी, हा शोध गोड आहे खरा. पण तो वाटतो तितका सरळ नाही.

प्रथम ग्रंथाचीच गोष्ट घेऊ. ही रोजनिशी नव्हे. प्रवासाहून परत आल्यावर वीसहून अधिक वर्षांनी, शके 1805 म्हणजे 1883 च्या सुमारास, विष्णुभटांनी आठवणींवरून हे सारे मोडीत लिहून काढले. लिहविणारे होते कल्याणचे भारताचार्य चिंतामण विनायक वैद्य. त्यांच्या घराण्याशी विष्णुभटांचा उपाध्येपणाचा संबंध होता. मोहन्याच्या आम्हां रहिवाशांस कल्याण म्हणजे दीड-दोन कोसांवरचे शेजारचे गाव. त्यामुळे या ग्रंथाचा जन्म आपल्याच परिसरात झाला याचे आम्हांस थोडे कौतुकही वाटते. वैद्यांनी तो 1907 साली, विष्णुभटांच्या पश्चात, प्रसिद्ध केला. मात्र भाषा त्यांनी आपल्या हाताने सफाईदार केली, काही मजकूर गाळला, काही ठिकाणी आपली भर घातली. मूळ मोडी बाड पुढे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे गेले, व त्यावरून दत्तो वामन पोतदार यांनी मूळ पाठ 1966 साली छापला. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे महाराष्ट्राने विष्णुभट वाचले ते वैद्यांच्या तोंडून. वैद्यांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्या काळी 1857 विषयी छापणेच धाडसाचे होते, आणि त्यांच्या हातून हे बाड वाचले नसते तर आज बोलावयास काहीच उरले नसते. परंतु ज्यांस गोडसे घराण्याची माणसे हुडकायची आहेत त्यांनी आधी मूळ पाठ समोर ठेवावा. संपादकास जे घरगुती व म्हणून फालतू वाटते, वंशशोधकास नेमके तेच हवे असते.

यानंतर नावाची अडचण. एकच मनुष्य एका कागदात ‘गोडसे’, दुसऱ्यात ‘वरसईकर’, तिसऱ्यात नुसता ‘भट’ असतो. याज्ञिकी करणारा भाऊ भट, आणि कारकुनी पत्करणारा त्याचाच सख्खा भाऊ पंत. त्यातून नातवास आजोबाचे नाव ठेवण्याची आपली चाल. यामुळे एका घराण्यात बाळकृष्णाचा विष्णु आणि विष्णूचा बाळकृष्ण पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतात. नाव जुळले म्हणून मनुष्य जुळला असे समजणाऱ्या हौशी संशोधकांनी कित्येक वंशावळींत आजोबा व नातू यांचा एकच मनुष्य करून टाकलेला आम्ही पाहिला आहे. गोत्राचाही उपयोग मर्यादितच, कारण एका गोत्रात आडनावे अनेक असतात.

काळ ठरविणे हाच येथे एक आधार, आणि तोही कसून तपासावा लागतो. विष्णुभटांच्या आजोबांच्या पिढीचे कागद पेशवाईतले. त्यांवर शक असेल तर 78 मिळवून इसवी सन निघते. पौषापासून फाल्गुनापर्यंतची मिती असल्यास बहुधा 79. सरकारी हिशेबात मात्र सुहूर सन, आणि तोही अरबी शब्दांत. ‘इहिदे मयातैन व अलफ’ म्हणजे 1201. हे वर्ष मृगापासून सुरू होते, म्हणून त्यात 599 मिळवून इसवी 1800 चा पावसाळा येतो, व पुढील वर्षाच्या जानेवारीपासूनच्या भागास 600 मिळवावे लागतात. एवढे न जाणणाऱ्याने मुलाचा जन्म बापाच्या लग्नाआधी लावला तर नवल नाही.

आता कागद कोठे? झाशीच्या राणीकडे पाहावे. गंगाधरराव नेवाळकर 1853 च्या नोव्हेंबरात वारले. आदल्याच दिवशी वासुदेवरावांचा मुलगा आनंदराव दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवले होते. इंग्रजांनी तो दत्तक मानला नाही, 1854 साली संस्थान खालसा झाले, आणि त्यावरून जे अर्ज, खलिते, उत्तरे-प्रत्युत्तरे झाली त्यांत नेवाळकरांच्या शाखा-उपशाखा आपोआप नोंदल्या गेल्या. वारसा वादात पडला की कागद वाढतो. इनाम कमिशनपुढे ज्यांनी आपल्या जमिनींच्या सनदा मांडल्या त्यांच्याही पिढ्या त्या कैफियतींत सापडतात. पण ज्याच्याजवळ भांडण्याजोगे काही नाही, उलट कर्ज आहे, त्या भिक्षुकाच्या भावकीस सरकार का लिहून ठेवील? सावकाराच्या खतात त्याची सही सापडेल. पण ते खत फिटले की फाडण्याचीच रीत.

अशा घरांस तारतात ते तीर्थोपाध्यायांच्या वह्या. नाशिक, त्र्यंबकेश्वर, प्रयाग, काशी, गया येथे गाव आणि आडनाव यांवरून यात्रेकरूंच्या नोंदी असतात, व आलेला मनुष्य आपल्या हाताने बाप, आजा, पणजा, बंधू, पुत्र, चुलते यांची नावे लिहून जातो. विष्णुभट काशीहून गंगेची कावड खांद्यावर घेऊन आले व आईबापांस त्यांनी गंगास्नान घातले. वाटेत अनेकदा लुटला गेलेला हा मनुष्य धन नव्हे, पाणी घेऊन घरी पोचला. अशा यात्रिकाच्या हातची वहीतील एक ओळ, कोणत्याही सनदेपेक्षा आम्हांस अधिक विश्वासाची वाटते. तेथे खोटे लिहून काही मिळवायचे नसते.

मात्र याही वह्यांत एक जागा बहुधा मोकळीच असते. बाप, आजा, पणजा आले; आईच्या माहेरचे काय? राणीचे माहेरचे नाव मणिकर्णिका, बाप मोरोपंत तांबे, हे आपल्या मुलांस पाठ आहे, कारण ती राणी होती. वरसईच्या त्या माउलीचे माहेर कोठले, हे कोणत्या वहीत पाहावे? लग्नात नाव बदलले की मुलीचा माग पुरुषांच्या वंशावळीतून सुटतो, आणि ज्या घरांत विष्णुभटांच्या बहिणी व आत्या गेल्या ती घरे आज स्वतःस या लेखकाची आप्त म्हणून ओळखतही नसतील. वास्तविक गणगोताचा निम्मा भाग तोच. तो शोधायचा तर मोठ्या सनदा सोडून जुन्या लग्न-मुंजींच्या आहेराच्या याद्या पाहाव्या लागतील. तेथे खण कोणास, लुगडे कोणास दिले हे लिहिताना यजमानास नाते सांगावेच लागते: अमक्याची मावशी, तमक्या गावची थोरली आत्या. पेण व कल्याण या बाजूच्या जुन्या घरांत माळ्यावर अशा याद्यांची बाडे असतात, आणि त्यांत मोडी वाचणारा कोणी नाही म्हणून ती न उलगडताच रद्दीत जातात.