महाजालावरील माहितीसंच-प्रकाशन

संगणकात कोष्टकरूपाने साठविलेल्या नोंदींपैकी वाचकाने मागितलेली नोंद निवडून ती पूर्वनियोजित पृष्ठसाच्यात बसविणे व महाजालावर दाखविणे, या क्रियेस माहितीसंच-प्रकाशन म्हणतात. कार्यालयातील एखाद्या संगणकापुरते मर्यादित असलेले माहितीसंच दूरच्या वाचकांना खुले करण्याच्या गरजेतून ही पद्धत विकसित झाली. महाराष्ट्रातील ग्रामीण जनतेला तिचा परिचय मुख्यत्वे सातबारा उताऱ्याच्या रूपाने झाला.

कार्यपद्धती : साचा म्हणजे वस्तुतः एक सामान्य पृष्ठच होय. मात्र त्यात नाव, क्षेत्र, दिनांक इ. ज्या ठिकाणी यावयाचे, तेथे विशिष्ट संकेतखुणा लिहिलेल्या असतात. वाचकाची मागणी येताच सर्व्हर ती माहितीसंचाकडे पाठवितो आणि मिळालेली नोंद संकेतखुणांच्या जागी भरून पूर्ण पृष्ठ वाचकाकडे रवाना करतो. अशा रीतीने लक्षावधी नोंदींसाठी एकच साचा पुरतो व साचा बदलला की सर्व पृष्ठांचे स्वरूप एकदम बदलते. तथापि जो रकाना साच्यात घेतलेला नाही, तो माहितीसंचात असूनही वाचकाच्या दृष्टीने नसल्यासारखाच असतो.

विकास : महाजालाच्या अगदी आरंभीच्या उपयोगांपैकी एक म्हणजे जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेची दूरध्वनी-सूची होय. मोठ्या संगणकावरील ही सूची महाजालामुळे संस्थेतील निरनिराळ्या प्रकारच्या संगणकांवरून पाहता येऊ लागली. १९९३ मध्ये सर्व्हर व अन्य कार्यक्रम यांना जोडणारा सीजीआय हा संकेत पुढे आला. १९९५ मधील कोल्डफ्यूजन, त्यानंतर मायक्रोसॉफ्टची मागणी व साचा अशा दोन स्वतंत्र धारिका वापरणारी पद्धत आणि १९९७ मधील फाइलमेकर प्रो ४ यांमुळे लहान कार्यालयांनाही हे काम साध्य झाले. फाइलमेकरची ही साचाभाषा २००४ मधील सातव्या आवृत्तीत वगळण्यात आली. ॲक्सेस २००० मधील अशाच पृष्ठांची निर्मिती २००७ च्या आवृत्तीत बंद झाली. दोन्ही वेळा मूळ नोंदी मात्र शाबूत राहिल्या. ग्रंथालयांच्या क्षेत्रात युनेस्कोच्या सीडीएस/आयसिस या सूचिप्रणालीने याच धर्तीवर महाजालात प्रवेश केला.

मराठीपुढे लिपीची वेगळीच अडचण होती. भारतीय लिपींसाठीची इस्की ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये राष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाली. परंतु वाचकाच्या संगणकावर तोच विशिष्ट टंक नसल्यास मजकूर अवाच्य होई. युनिकोडच्या प्रसारानंतर ही अडचण बरीचशी दूर झाली.

भूमी अभिलेख : महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ हा १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलात आला. त्या वेळी पुसदचे प्रतिनिधी वसंतराव नाईक हे राज्याचे मुख्यमंत्री होते. सातबारा हा गाव नमुना सात (अधिकार अभिलेख) आणि गाव नमुना बारा (पिकांची नोंद) यांचा संयुक्त उतारा असून त्यांचे स्वरूप १९७१ च्या नियमांनी निश्चित केले. म्हणजे संगणक येण्यापूर्वीच साचा सिद्ध होता. पुसद तालुका १९०५ पर्यंत वाशिम जिल्ह्यात होता. पुढे तो यवतमाळ जिल्ह्यात आला. मध्य प्रांत व वऱ्हाड, मध्य प्रदेश, द्वैभाषिक मुंबई राज्य व महाराष्ट्र अशी शासकीय स्थित्यंतरे त्याने पाहिली. कायदे व नमुने बदलत गेले, तरी शेत कोणाचे व किती, ही मूळ नोंद पुढे चालवावीच लागली.

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र पुरस्कृत प्रायोगिक योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली. महाराष्ट्रातून त्यासाठी यवतमाळच्या शेजारचा वर्धा जिल्हा निवडण्यात आला होता. पुढे राज्यभर तालुकानिहाय माहितीसंच तयार होऊन तहसील कार्यालयातून संगणकीय उतारे मिळू लागले आणि नंतर ते महाभूलेख या संकेतस्थळावर आले. पुसदच्या शेतकऱ्याने अमरावती विभाग, यवतमाळ जिल्हा, पुसद तालुका, गाव व गट क्रमांक असा क्रम निवडला की त्याचा उतारा साच्यात भरून समोर येतो.

वैधता व मर्यादा : हा विनास्वाक्षरीचा उतारा केवळ माहितीसाठी असतो; शासकीय वा कायदेशीर कामास तो चालत नाही. इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीला २००० च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने मान्यता दिली होती. त्या आधारे डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ रोजी सुरू झाला. सप्टेंबर २०२० मध्ये उताऱ्याचा नमुना सुधारण्यात आला. त्यात शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक यांना स्थान मिळाले. फेरफार प्रलंबित नसल्यास तसे नमूद करण्याचीही तरतूद झाली. त्यामुळे अभिलेख कोणत्या टप्प्यापर्यंत अद्ययावत आहे, हे खरेदीदारास पृष्ठावरच कळू लागले.

मात्र साचा नोंदीच्या खरेपणाची हमी देत नाही. हस्तलिखितातून संगणकात उतरविताना चुकलेले नाव वा क्षेत्र छापील पृष्ठावर बिनचूक नोंदीइतकेच नीटनेटके दिसते. अधिनियमाच्या कलम १५७ अन्वये अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. त्यामुळे एका अक्षराची चूकही पीककर्ज, वारसनोंद किंवा खरेदीखत अडवू शकते आणि ती दाखवून देण्याचा भार खातेदारावर पडतो. लेखनप्रमादांच्या दुरुस्तीची तरतूद कलम १५५ मध्ये आहे. संगणकीय उतारा मूळ हस्तलिखिताशी ताडून पाहणे हे या दुरुस्तीचे मुख्य साधन असल्याने महाजालावरील प्रकाशनानंतरही जुन्या दप्तराचे जतन आवश्यक ठरते.