भट्टी केवढी असावी?

कवीला गावांच्या नावांचा सोस असतो, तसा तो मलाही आहे. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात फिरताना लोहारा, लोहारडोंगरी अशी नावे कानावर पडली की मी थबकतो. काही ठिकाणी शेत नांगरताना काळे, जड, भोकाभोकांचे दगड वर येतात. नवख्याला ते उल्केचे तुकडे वाटावेत. ते असतात लोखंड गाळून उरलेला मळ. वैद्य त्याला मंडूर म्हणतात. जुना मंडूर चांगला मानतात आणि त्याचे भस्म करून पंडुरोगावर देतात. विझलेल्या भट्ट्यांची ही एवढीच खूण आता उरली आहे. त्या का विझल्या, याचे एक उत्तर शाळेपासून आपल्या कानावर आहे. विलायती लोखंड आले आणि गावठी लोखंड मेले. हे उत्तर खरे आहे, पण पुरते नाही. आज मी त्यातल्या एकाच धाग्याबद्दल बोलणार आहे. तो धागा म्हणजे भट्टीचे माप आणि तिला लागणारा कोळसा.

मध्य भारतातली जुनी भट्टी मातीची आणि जेमतेम माणसाच्या छातीएवढी असे. वरून लाकडी कोळसा आणि फोडलेले खनिज यांचे थर टाकायचे, खालून भात्याने वारा घालायचा. मंडला भागातले अगरिया पायाने भाता चालवत. कातड्याच्या दोन भात्यांवर उभे राहून आळीपाळीने दाबायचे, आणि बांबूच्या ताणाने ते पुन्हा वर यायचे. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस उष्णता लागते. ती या भट्टीत येत नसे. म्हणून लोखंडाचा पाट वाहत नसे. मळ वितळून बाजूला होई आणि तळाशी लोखंडाचा स्पंजासारखा गोळा जमे. तो तापवून ठोकायचा, ठोकून मळ काढायचा आणि त्याचा फाळ, विळा, कुऱ्हाड करायची.

आता इंधनाचा हिशोब पाहू. अशा भट्टीत एक किलो लोखंडाला चार किलो किंवा त्याहूनही जास्त कोळसा जाई. मातीखाली लाकूड दडपून कोळसा पाडला तर पाच किलो लाकडाचा साधारण एक किलो कोळसा होतो. म्हणजे एक किलो लोखंडामागे वीस किलो लाकूड झाले. उधळपट्टीच ही! तिचे कारण भट्टीच्या आकारात आहे. उष्णता भिंतीतून गळते. भट्टीची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली, तर भिंत चौपट होते, पण पोटातला माल आठपट होतो. म्हणून किलोमागे गळणारी उष्णता निम्म्यावर येते. शिवाय भट्टी उंच असली की वर जाणारा तप्त वायू खाली येणाऱ्या खनिजाला आधीच तापवतो आणि निम्मे काम वाटेतच उरकतो. मोठ्या भट्टीत लोखंड कोळशातला कार्बन शोषून घेते, त्याचा वितळबिंदू साडेअकराशे अंशांपर्यंत उतरतो आणि पातळ बीड वाहू लागते. एकोणिसाव्या शतकातल्या चांगल्या झोतभट्टीत एक किलो बिडाला सुमारे एक किलो लाकडी कोळसा पुरे. त्या बिडाचे घडाऊ लोखंड करायला पुन्हा इंधन लागे, हे खरे. तरीही शहाणपण मोठ्या भट्टीतच दिसते.

पण मित्रहो, हिशोब इथे संपत नाही. गावची भट्टी दिवसाला पाच किलो लोखंड देते आणि वर्षातले शंभर दिवस पेटते असे धरू. लोखंड झाले पाचशे किलो, त्याला लाकूड दहा टन. आपल्या पानझडी रानात एका हेक्टरवर वर्षाला दीड टन लाकूड वाढते असे समजलो, तर सात हेक्टर रान त्या भट्टीला कायमचे पुरते. आता दिवसाला शंभर टन बीड देणारी भट्टी घेऊ. किलोमागे पाचच किलो लाकूड, चौपट काटकसर. पण रोजचे लाकूड पाचशे टन आणि वर्षाचे एक लाख ब्याऐंशी हजार टन. तेवढे दरवर्षी वाढायला सव्वा लाख हेक्टर, म्हणजे सुमारे बाराशे चौरस किलोमीटर जंगल हवे. ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पाचा गाभा ६२५ चौरस किलोमीटरचा आहे. असे जवळजवळ दोन ताडोबा एकट्या भट्टीच्या नावे लिहून द्यावे लागतील. हे आकडे मी समजुतीसाठी धरले आहेत, पण प्रमाण ध्यानात यावे.

हा धडा इंग्रजांनी पैसे मोजून घेतला. हीथ नावाच्या गृहस्थाने १८३० मध्ये मद्रास इलाख्यात पोर्टो नोवो येथे लाकडी कोळशावर कारखाना काढला. जवळचे लाकूड संपत गेले, कोळसा लांबून आणावा लागला आणि शेवटी कारखाना बुडाला. नर्मदाकाठी बडवाह येथे मिटँडर या स्वीडिश तंत्रज्ञाने १८६० पासून चार वर्षे खपून झोतभट्टी उभारली. तिची जेमतेम चाचणी झाली आणि १८६४ मध्ये सरकारने काम गुंडाळले. कोळशाची भट्टी मनाला येईल तेवढी उंचही करता येत नाही. लाकडी कोळसा ठिसूळ असतो, वरच्या भाराने त्याचा चुरा होतो आणि वारा कोंडतो. तो भार दगडी कोळशापासून केलेला कोक पेलतो.

मग आमच्या चांद्याकडे लक्ष गेले. १८७० च्या दशकात वरोऱ्याला दगडी कोळशाची खाण आणि तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आली. त्याच जिल्ह्यात लोहाऱ्याची लोखंडाची टेकडी होती. रिटर फॉन श्वार्त्स या तज्ज्ञाने १८८२ मध्ये अहवाल लिहून चांदा जिल्ह्याची शिफारस केली. नागपुरात १८७७ पासून एम्प्रेस मिल चालवणाऱ्या जमशेदजी टाटांनी तो वाचला. त्यांनी वरोऱ्याचा कोळसा जर्मनीत तपासून घेतला. त्याचा कोक होत नव्हता. खाणींचे सरकारी नियमही जाचक होते. बेत बारगळला.

वीस वर्षांनी नियम सैल झाले आणि टाटा पुन्हा चांद्याला आले. १९०४ मध्ये दोराबजी टाटा, अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ वेल्ड आणि शापुरजी सकलातवाला बैलगाड्यांतून हे रान हिंडले. हेच सकलातवाला पुढे ब्रिटनच्या पार्लमेंटात कम्युनिस्ट खासदार म्हणून गाजले. वेल्डना इथले खनिज उत्तम वाटले, पण ते विखुरलेले होते. त्यांना हव्या असलेल्या भट्टीचे पोट त्याने भरणार नव्हते. निराश दोराबजी नागपूरच्या सचिवालयात हे सांगायला गेले. तिथे एका भूगर्भीय नकाशावर दुर्गजवळचा गडद रंग त्यांच्या नजरेला पडला. तिथून शोध मयूरभंजकडे सरकला आणि १९१२ मध्ये साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, पोलाद तयार झाले.

या प्रसंगाकडे मी पुनःपुन्हा वळतो. पिढ्यान्‌पिढ्या छोट्या भट्ट्यांना पुरून उरलेली टेकडी एका मोठ्या भट्टीला अपुरी ठरली. टेकडी होती तेवढीच होती, माप बदलले होते. दरम्यान १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलातल्या लाकडावर सरकारचा पहारा बसला, तर रेल्वेने स्वस्त विलायती लोखंड बाजारात आणून ओतले. लहान भट्टी अशी दोन्हीकडून कोंडली गेली.

लहान भट्टी म्हणजे अडाणी भट्टी, असेही कोणी समजू नये. गोदावरीपलीकडे, निर्मळच्या बाजूला कोनसमुद्रम नावाचे गाव आहे. १८२० च्या सुमारास डॉक्टर व्हॉयसी यांनी तिथे मुशीत पोलाद पाडताना पाहिले. ते न्यायला इस्फहानहून आलेला हाजी हुसेन नावाचा व्यापारी त्यांना तिथेच भेटला. आपला ‘पोलाद’ हा शब्द इराणच्या ‘फौलाद’वरून आला, आणि माल मात्र इथून तिकडे जात होता. मूठभर मुशी, पण तलवारीच्या पात्याला तेवढे पुरे होते.

याचा अर्थ पुन्हा छातीएवढ्या भट्ट्या पेटवाव्यात असा नाही. रेल्वेचा रूळ गावच्या भात्यावर होणार नाही, हे मलाही कळते. म्हैसूर संस्थानाने १९२३ मध्ये भद्रावतीला लाकडी कोळशावर मोठी भट्टी चालवली. त्यासाठी रान राखावे लागले आणि कोळसा पाडताना निघणारे पदार्थही विकावे लागले. आकारासोबत जबाबदारीही मोजावी लागते, ती अशी. इंग्लंडच्या जेव्हन्सने १८६५ मध्येच बजावले होते की यंत्र कोळसा कमी खाऊ लागले म्हणून देशाचा कोळसा वाचत नाही. स्वस्ताईमुळे यंत्रेच वाढतात.

हे सगळे आज सांगायचे कारण गडचिरोलीत आहे. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरावर माडिया लोकांचे ठाकूरदेव आहेत. तिथल्या खाणीला २०२३ मध्ये वर्षाला एक कोटी टन खनिज काढण्याची मुभा मिळाली, आणि चामोर्शी तालुक्यात कोनसरीला कारखाना उभा राहिला. इथल्या तरुणाला रोजगार हवा आहे आणि तो मागण्याचा त्याला पुरा हक्क आहे. पण टनामागे किती कोळसा वाचला, एवढेच सांगून थांबणाऱ्या माणसाला पुढचे प्रश्न विचारावेत. एकूण टन किती? डोंगर किती वर्षांचा? आणि तो संपल्यावर पायथ्याच्या गावाला नांगरताना काय सापडेल? जुन्या भट्टीने निदान औषधाला मंडूर तरी मागे ठेवला होता.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)