एक्सल बदलला, पण ब्रेकचं काय?

मंडळी, तत्त्वज्ञानाचा मास्तर आज ब्रेकवर बोलणार म्हणून काहींना गंमत वाटली असेल. पण आपल्या नगरला (आता अहिल्यानगर म्हणायचं, जिभेला सवय व्हायला वेळ लागेल) रणगाड्यांचं संग्रहालय आहे. फाळणीच्या वेळी चकलाल्याहून इथे आलेली लष्करी वाहनांची संशोधन संस्था, व्हीआरडीई, आहे. देशात नव्या गाडीच्या नमुन्याची चाचणी घेण्याचा अधिकार ज्या मोजक्या संस्थांना आहे, त्यांत ती येते. अशा गावात हा विषय परका नाही.

प्रश्न साधा आहे. अकोले तालुक्यात, घाटघर-रतनवाडीच्या बाजूला, डोंगरात फिरवायला कोणी जुनी जीप घेतो. मूळ एक्सल नाजूक वाटतो, म्हणून दुसऱ्या, दणकट गाडीचा एक्सल खाली घालतो. मिस्त्री हौसिंग बसवतो, शाफ्ट जुळवतो, नट आवळतो. गाडी चालते. पण थांबेल का? ब्रेक हा एक सुटा भाग नाही, तो संच आहे. त्याचा अर्धा भाग एक्सलवर असतो: ड्रम, लायनर, व्हील सिलिंडर. उरलेला अर्धा चासीवर: पेडल, मास्टर सिलिंडर, नळ्या. एक्सल बदलला की आपण हा संच मधोमध कापतो, आणि दोन घरांतले अर्धे एकत्र नांदवायला बघतो.

हे अर्धे एकमेकांना कसे बांधले गेले, ते इतिहासातून बघू. रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टच्या चासीवरची चिलखती गाडी आहे. पुढच्या वेळी गेलात तर तिच्या पुढच्या चाकांकडे बघा. सिल्व्हर घोस्टला १९२३-२४ पर्यंत पुढे ब्रेकच नव्हते; जो काही ब्रेक होता तो मागे, आणि तोही सळ्यांनी ओढायचा. एवढं पोलाद अंगावर घालून फक्त मागच्या चाकांवर थांबायचं! ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि घसरतात. म्हणजे थांबवण्याची खरी ताकद पुढे हवी आणि मागे बेताची. हे प्रमाण साधायचं कसं?

उत्तर पास्कलकडे होतं. आमच्या वर्गात पास्कल यायचा तो ईश्वराच्या अस्तित्वावर पैज लावायला. गॅरेजमध्ये मात्र तो रोज कामाला असतो. बंद भांड्यातल्या द्रवावर दाब दिला तर तो सगळीकडे सारखा पोचतो, हा त्याचा नियम. तो १६६२ मध्ये वारला. या नियमावर चारही चाकांचे तेलाचे ब्रेक रस्त्यावरच्या गाडीत यायला १९२१ उजाडलं, अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्गमध्ये.

आता दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप घ्या. विलीज आणि फोर्ड मिळून सहा लाखांवर जीप तयार झाल्या, आणि १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत हीच जात जुळवायला घेतली. तिचा मास्टर सिलिंडर १ इंची. पुढच्या चाकाचा सिलिंडर १ इंची, मागचा पाऊण इंची. नळीतला दाब सगळीकडे एकच. पण जोर क्षेत्रफळावर ठरतो, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर. म्हणून पुढे १६ तर मागे ९, असं जोराचं प्रमाण पडतं. कुठलाही व्हॉल्व्ह नाही, कुठली अक्कलवान पेटी नाही. पाव इंचाच्या फरकात सगळा हिशेब बसवलाय. मला हे फार सुंदर वाटतं.

याच जीपखाली डिस्क ब्रेकवाला एक्सल घालू. समजा कॅलिपरचा पिस्टन २ इंची आहे. क्षेत्रफळ १ इंचीच्या चौपट. तो केसभर सरकायलाही तेल जास्त लागतं, आणि जुन्या मास्टर सिलिंडरचं तेल अपुरं पडलं तर पेडल पार खाली जातं. मग मिस्त्री म्हणतो, ‘साहेब, मोठा मास्टर टाकू.’ ठीक. सव्वा इंची टाकला, क्षेत्रफळ दीडपटीहून थोडं जास्त झालं. पण पाय तोच! त्याच पायानं आधी १०० दाब मिळत असेल तर आता ६४ मिळतो. पेडल दगडासारखं लागतं. शिवाय ड्रममध्ये फिरणारा ड्रमच पुढच्या लायनरला आत खेचून मदत करतो. डिस्कला ही मदत नाही. म्हणून बूस्टर लागतो. बूस्टरला पोकळी हवी. पेट्रोल इंजिनात ती आयती मिळते, डिझेलमध्ये वेगळा व्हॅक्युम पंप लागतो. आणि आपल्याकडच्या कितीतरी जुन्या जीपना मधल्या काळात डिझेल इंजिनं बसली. म्हणजे एक्सल बदलायला निघालात आणि इंजिनापर्यंत पोचलात.

एक बारीक गोष्ट सांगतो, कारण ती बाहेरून दिसत नाही. जुन्या ड्रमच्या मास्टर सिलिंडरात एक छोटा व्हॉल्व्ह असतो. पाय काढला तरी तो नळीत साधारण १० पौंड दाब राखून ठेवतो, म्हणजे व्हील सिलिंडरची रबरं हवा ओढत नाहीत. ड्रममध्ये स्प्रिंग लायनरला मागे खेचते, म्हणून हा दाब चालतो. डिस्कमध्ये स्प्रिंग नाही. तोच व्हॉल्व्ह राहिला तर पॅड डिस्कला घासतच राहतात. माळशेज घाट उतरेपर्यंत ब्रेक ऑइल उकळतं, वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, दाब पुढे पोचवत नाही. आता उलट बाजू. व्हॉल्व्ह काढूनच टाकला तर? जीपचा मास्टर सिलिंडर पायाखाली, फळीच्या खाली असतो. कॅलिपर त्याच्याहून वर. तेल हळूहळू परत उतरतं, आणि पहिल्या पेडलला काहीच लागत नाही. तिथे २ पौंडांचा व्हॉल्व्ह बसवतात. १० नको, शून्यही नको.

टायरही यात आला. मूळचा ६.००-१६ टायर सुमारे २८ इंच उंच. ३२ इंची घातलात की त्याच ब्रेकचा रस्त्यावरचा जोर एक अष्टमांश घटतो. ब्रेक ऑइलच्या डब्यात इंजिन ऑइल ओतणारेही मी पाहिलेत. त्यानं रबरं फुगतात. त्यावर अधिक बोलत नाही.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो: रथ म्हणजे आस का? चाकं का? दांडी का? प्रत्येकाला राजा नाही म्हणतो. रथ हे नाव सगळ्यांच्या जुळणीला आहे. आपल्या आरटीओला हा वाद परवडत नाही. त्याच्या लेखी चासी नंबर म्हणजे गाडी. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ जवळपास नागसेनाच्याच बाजूला येतं. उत्पादकानं मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. हौशी लोक यावर चिडतात. मला निर्णय योग्य वाटतो, कारण घाटात समोरून येणाऱ्या एसटीतल्या माणसाला तुमच्या हौशीत कुणी विचारलेलं नसतं. खासगी जमिनीवर, शर्यतीच्या आखाड्यात करायचं तर करा. मात्र ज्या गाडीचा एक्सल घ्याल, तिचाच मास्टर सिलिंडर, बूस्टर, पुढच्या-मागच्या दाबाचा व्हॉल्व्ह आणि जमलं तर पेडलही घ्या. एकाच घरचा संच.

मागून हँडब्रेकचं कोणीतरी विचारलं. चांगला प्रश्न. युद्धकाळातल्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नाहीच. ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्ट जिथे निघतो तिथे पट्टा आवळला जातो. एक्सल बदलताना सगळ्यात आधी मागचा शाफ्ट सोडतात, आणि फोर व्हील टाकलेलं नसेल तर त्या क्षणी हँडब्रेक पूर्ण ओढलेला असूनही गाडी मोकळी होते. तेव्हा पान्ह्याला हात लावण्याआधी चाकाखाली दगड लावा, पुढच्याही आणि मागच्याही.