बालपण, शाळा आणि आयुर्मान : शिरूर-दौंड परिसरातील ऐतिहासिक साधनांचा विचार

प्रस्तावना

बालपणीची परिस्थिती व शिक्षण यांचा उत्तरायुष्यातील मृत्यूशी कोणता संबंध आहे, हा प्रश्न सामान्यतः वैद्यकशास्त्राचा मानला जातो. तथापि आज वृद्धापकाळी मरण पावणाऱ्या व्यक्तीचे बालपण अनेक दशकांपूर्वीचे असल्याने तो इतिहासाचाही प्रश्न ठरतो. प्रस्तुत लेखात भीमेच्या दोन्ही तीरांवरील शिरूर व दौंड तालुक्यांच्या संदर्भात त्याच्या अभ्याससाधनांचा विचार केला आहे.

विवेचन

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने २००२ मध्ये वढू येथून शिरूर व हवेली तालुक्यांतील २२ गावांतील जन्म, मृत्यू व स्थलांतर यांची सलग नोंद सुरू केली. २००७ मध्ये तेथे पन्नाशीपुढील व्यक्तींची आरोग्यपाहणी झाली. या व्यक्तींपैकी वयोवृद्धांचे शालेय वय मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम, १९४७ येण्यापूर्वीच सरले होते. त्यामुळे त्यांच्या नावापुढील ‘शिक्षण’ हा रकाना गावात शाळा होती काय, मूल गुरांमागे न पाठविणे घराला परवडत होते काय, जात कोणती, मूल मुलगा की मुलगी, हेही सांगतो. शिकलेले अधिक जगले असे दिसल्यास श्रेय शाळेचे की घराचे, हे केवळ अशा पाहणीवरून ठरत नाही.

येथे दोन जुनी साधने उपयोगी पडतील : प्राथमिक शाळांचे जनरल रजिस्टर आणि गावच्या जन्म-मृत्यूंचे कोतवाल बुक. पुढील काळासाठी ग्रामपंचायतीच्या मृत्युनोंदी आहेत. ही साधने जोडल्यास एकाच घरातील शाळेत गेलेला व न गेलेला, अशा दोन भावांच्या आयुर्मानाची तुलना शक्य होईल. घर समान असल्याने शाळेचा वाटा काहीसा वेगळा काढता येईल.

मर्यादा

शालेय नोंदींतील १ जून ही जन्मतारीख पुष्कळदा गुरुजींनी अंदाजाने घातलेली असते. विवाहानंतर स्त्रीचे नाव बदलते व ती माहेरच्या नोंदींतून निसटते. परिणामी निष्कर्ष प्रामुख्याने पुरुषांचेच ठरण्याचा धोका आहे. तो टाळण्यासाठी माहेर व सासर या दोन्ही गावांच्या नोंदी ताडून पाहणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

१९७२ च्या दुष्काळात पाच वर्षांची असलेली मुले आता साठीकडे झुकली आहेत. त्यांच्या बालपणाचे कागद जीर्ण होत असतानाच त्यांच्या मृत्यूच्या नोंदी वाढत जाणार आहेत. परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हे कागद आताच जतन करून जोडले नाहीत, तर त्या पिढीपुरता हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहील.