गणिताची शाळा आणि काशीचे बापूदेवशास्त्री

काशी म्हटली की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे गंगा, घाट आणि विश्वेश्वर उभे राहतात. पैठणहून तेथे जाऊन राहिलेले भट्ट घराणे आठवते आणि १६७४ साली शिवछत्रपतींना राज्याभिषेक करणारे त्याच घराण्यातील गागाभट्ट आठवतात. पण आज मला बोलावयाचे आहे ते गणिताच्या काशीविषयी. आपल्या मुलाला किंवा मुलीला निवडक विद्यार्थ्यांच्या, चढाओढीच्या विज्ञानशाळेत घालावे की नाही, या विचारात जे आईबाप पडले आहेत, त्यांना ही कथा उपयोगी पडेल असे वाटते.

अशा आईबापांची वाराणसीत वाण नाही. १८९८ साली ॲनी बेझंट यांनी तेथे सेंट्रल हिंदू कॉलेज व त्याला जोडून शाळा काढली. १९०४ मध्ये मुलींची शाळा निघाली. १९१६ मध्ये हिंदू विश्वविद्यालयाचा पाया घातला गेला, १९१९ मध्ये तेथे अभियांत्रिकीचे महाविद्यालय सुरू झाले आणि त्याच परंपरेतून २०१२ साली आयआयटी झाली. म्हणजे शाळेपासून आयआयटीपर्यंतच्या साऱ्या पायऱ्या एकाच गावात. साहजिकच मूल दहा-अकरा वर्षांचे झाले की घरात प्रवेशपरीक्षेचा विषय निघतो. जागा थोड्या आणि उमेदवार फार, हे गणित प्रत्येक घराला पाठ असते. ही स्थिती केवळ आपल्याकडचीच नव्हे. न्यूयॉर्क शहराने १९३८ साली खास विज्ञानासाठी ब्राँक्स येथे हायस्कूल काढले. तेथेही प्रवेश परीक्षेनेच मिळतो.

परीक्षा काशीला नवी नाही. १७९१ साली जोनाथन डंकन या इंग्रज रेसिडेंटाने तेथे संस्कृत पाठशाळा स्थापन केली, तेव्हाच्या नियमांत विद्यार्थ्यांची वर्षातून चार वेळा रेसिडेंटासमक्ष परीक्षा घ्यावी असे कलम होते. चढाओढ तर त्याहूनही जुनी. भर सभेत शास्त्रार्थ करून प्रतिपक्षाला निरुत्तर करणे ही काशीच्या पंडितांची कसोटीच होती. तेव्हा पूर्वी सारे शांत होते आणि स्पर्धा आजच्या काळाने आणली, असे म्हणता येणार नाही.

याच पाठशाळेत एक मराठी गणिती होऊन गेले. त्यांचे नाव बापूदेवशास्त्री. त्यांचे घराणे नगर जिल्ह्यातील गोदाकाठच्या टोके गावचे. जन्म १८२१ चा. नागपुरास ढुंढिराज मिश्रांपाशी ते भास्कराचार्यांची लीलावती व बीजगणित शिकले. तेथे लॅन्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ते पडले. भोपाळजवळच्या सिहोर येथे विल्किन्सनने एक संस्कृत पाठशाळा चालविली होती. या बुद्धिमान मुलाला त्याने तेथे नेले.

निवड झाली, आणि ती कडक झाली. पण खरी गोष्ट निवडीच्या पुढे आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे विल्किन्सनला शिकवावयाचे होते; परंतु विद्यार्थ्याला जे ठाऊक आहे ते पुसून टाकण्याऐवजी त्याने सिद्धान्तग्रंथांपासूनच आरंभ केला. भास्कराचार्यांच्या गोलाध्यायाचे तो स्वतः इंग्रजी भाषांतर करीत होता. १८४१ मध्ये तो वारला. पुढे लवकरच बापूदेव काशीच्या पाठशाळेत गणिताचे अध्यापक झाले. गुरूचे ते भाषांतर त्यांनी तपासून शुद्ध केले आणि स्वतः केलेल्या सूर्यसिद्धान्ताच्या भाषांतराबरोबर ते १८६१ साली कलकत्त्यास प्रसिद्ध झाले. म्हणजे गुरूच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी शिष्याने त्याचे काम पुरे केले. त्यापूर्वी, १८५८ साली, भास्कराचार्यांना चलनकलनाचे तत्त्व अवगत होते असे दाखविणारा त्यांचा लेख बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला होता. १८९० साली ते निवर्तले. पुढे त्याच पाठशाळेत सुधाकर द्विवेदी यांनी गणिताचे अध्यापन चालविले, आणि चलनकलन हिंदीत आणणारे ग्रंथ लिहिले.

या चरित्राचा आपल्या प्रश्नाशी संबंध काय? सिहोरच्या शाळेने बापूदेवांना वरचा क्रमांक दिला म्हणून ते मोठे झाले नाहीत. शिक्षक स्वतः ज्या प्रश्नात गढलेला होता, त्या प्रश्नात त्याने विद्यार्थ्याला भागीदार केले. परीक्षा ही शाळेच्या दारापाशी असते. शाळा दाराच्या आत असते. आपण आईबाप मात्र दारापाशीच इतके थकतो की आत काय चालते हे विचारावयाचे राहून जाते.

तरीही जुन्या पद्धतीचे गोडवे गाऊन भागणार नाही. बापूदेवांवर एका अधिकाऱ्याची नजर पडली. ज्यांच्यावर ती पडली नाही अशी किती मुले नागपुरात असतील? पाठशाळेचे दार काही ठराविक कुळांतील मुलग्यांनाच उघडे होते. विणकराच्या मुलाला किंवा नावाड्याच्या मुलीला तेथे कोण विचारणार होते? आज लेखी परीक्षा निदान उत्तरपत्रिकेला जात विचारीत नाही. शिकवणीला पैसे मोजू शकणाऱ्याची तेथेही सरशी होते हे खरे, पण दार सर्वांना दिसते तरी. शासनाच्या सेवेत, जेथे आम्ही स्वतः परीक्षेनेच आलो, ही गोष्ट विसरणे शोभणार नाही.

म्हणून परीक्षा दारापाशी असावी. ती वर्गात मुक्कामाला येऊ नये. शाळा पाहावयास जाल तेव्हा तिचा निकाल अवश्य पाहा, पण तेवढ्यावर परतू नका. मुले एकमेकांना वह्या दाखवितात की लपवितात, हे पाहा. न सुटलेले उदाहरण घेऊन शिक्षकाकडे जाण्यास मूल धजते का, हे विचारा. गावात पहिला येणारा मुलगा येथे तिसावा आला, तर त्याला कोण जवळ घेते, याची चौकशी करा; कारण निवडक मुलांच्या वर्गातही कोणीतरी तिसावे येणारच. आणि शेवटी घरी येऊन मुलालाच विचारा की, परीक्षेत नसलेले गणित त्याला करावेसे वाटते का. या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर चढाओढीला भिण्याचे कारण नाही. नसतील, तर शाळेचे नाव कितीही मोठे असो, मुलाला तेथे घालण्यापूर्वी आणखी एकदा विचार करावा.