नुकसानभरपाईचा कायदा आणि सातारा-सांगलीकडील रेल्वे-कामगार

पुणे-लोंढा हा मीटरमापी लोहमार्ग १८९० च्या सुमारास पुरा झाला व कोरेगाव, कऱ्हाड, मिरज ही गावे त्यावर आली. रूळ राखणारा गँगमन, डबे जोडणारा खलाशी व भट्टीपुढील फायरमन यांच्या जिवाचे मोल मात्र कायद्याने दीर्घकाळ निश्चित केले नव्हते. १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली वारसांस दावा करता येई. परंतु दुसऱ्याचा हलगर्जीपणा सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावरच पडे, आणि निरक्षर कुटुंबास तो पेलणे दुष्कर होते.

१९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ रोजी अंमलात आला आणि हे तत्त्व पालटले. मद्यपान किंवा हेतुपुरस्सर नियमभंग असे अपवाद वगळता, कामामुळे व काम करताना झालेल्या इजेची जबाबदारी मालकावर आली. मृत्यूबद्दल तीस महिन्यांचे वेतन किंवा २,५०० रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम ठरली. कंत्राटदाराच्या मजुरासही मूळ मालकाकडे मागणी करण्याची वाट खुली झाली.

तथापि दहा दिवसांहून अधिक न टिकणाऱ्या असमर्थतेस भरपाई नव्हती. ही मुदत १९३३ मध्ये सात व १९५९ मध्ये तीन दिवसांवर आली. व्यावसायिक रोगांच्या मूळ यादीत अँथ्रॅक्स, शिसे व फॉस्फरस यांचीच गणना होती. हिवताप किंवा इंजिनाच्या धुराने जडणारा श्वासविकार तीत नव्हता. तात्पर्य, कायद्याने तुटलेला हात पाहिला, झिजलेले शरीर पाहिले नाही. त्या झिजेचा भार गावाकडील शेतीने व घरातील स्त्रियांनी वाहिला.