राहायचे कुठे, जेवायचे कुठे? पुण्याच्या वारापासून साताऱ्याच्या एका चुलीपर्यंत

१/ गोंदिया तालुक्यातील बिरसी हे गाव आज विमानतळामुळे ओळखले जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी येथे धावपट्टी बांधली. आता तिच्यावर वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. शिकण्यासाठी परगावची मुले येथे येतात आणि शिकण्यासाठीच गावची मुले बाहेर पडतात. पुण्यात प्रवेश मिळाला की घरात पहिला प्रश्न अभ्यासक्रमाचा नसतो. राहायचे कुठे आणि जेवायचे कुठे, हा असतो. या प्रश्नाला महाराष्ट्रात दोनशे वर्षांचा इतिहास आहे. तोच आज सांगतो.

२/ पेशवाईतील पुणे हे विद्येचे शहर होते. पण त्या विद्येला वसतिगृह नव्हते. वेदशास्त्र शिकणारा विद्यार्थी गुरूच्या घरी किंवा पाठशाळेत राही आणि जेवणासाठी 'वार' लावी. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, अशी सात घरे ठरवायची. सहाच मिळाली तर सातव्या दिवशी उपास. ज्याला तेही जमत नसे, तो झोळी घेऊन माधुकरी मागे.

३/ ही व्यवस्था आपण आज समजतो तितकी लाजिरवाणी नव्हती. मुंज झालेल्या ब्रह्मचाऱ्याने भिक्षा मागून शिकावे, हे शास्त्रालाच मान्य होते. स्वतःच्या घरी ओढाताण असताना परक्याच्या मुलाला आठवड्यातून एकदा पानावर बसवणारी असंख्य कुटुंबे होती. त्यांच्या या उपकाराची कुठल्या दप्तरात नोंद नाही. त्याच वेळी ओसरीवर मुकाट्याने बसून, वाढतील तेवढे खाऊन उठणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या मनात काय चालत असेल, याचीही नोंद नाही.

४/ १८१८ मध्ये पेशवाई संपली. पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत असत. त्या निधीतून इंग्रजांनी १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. सरकार बदलले, विद्यार्थी तेच राहिले. आरंभी तेथे ब्राह्मणांनाच प्रवेश होता. याच परंपरेतून पुढे डेक्कन कॉलेज घडले आणि १८६८ मध्ये ते येरवड्याच्या माळावरील नव्या दगडी इमारतीत गेले. शहरापासून दूर असल्याने विद्यार्थी तेथेच राहत. टिळक आणि आगरकर यांची मैत्री याच वसतिगृहात जुळली आणि शिक्षणालाच आयुष्य वाहण्याचा त्यांचा बेतही येथल्याच रात्रींच्या चर्चांतून ठरला.

५/ आगरकर मूळचे कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. अकोल्याहून मॅट्रिक होऊन ते पुण्यात आले. अंगावर एकच सदरा, तो रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा, ही त्यांची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. गरिबी खरीच होती. पण येथे एक अप्रिय प्रश्न विचारावासा वाटतो. आगरकरांइतकाच गरीब, तितकाच बुद्धिमान, पण कुणब्याच्या घरातला मुलगा त्या काळी पुण्यात आला असता तर?

६/ त्याला 'वार' मिळाला नसता. फी माफ करता येत होती, शिष्यवृत्ती देता येत होती, पुस्तके उसनी मिळत होती. पान मात्र जातीबाहेर वाढले जात नव्हते. कॉलेजचे दार कायद्याने सर्वांना उघडे झाल्यावरही परगावच्या विद्यार्थ्याला खरा प्रवेश देत होते ते स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराचा उंबरठा सोवळ्याने राखलेला होता. आपल्या शिक्षणाच्या इतिहासात शाळांच्या स्थापनेची वर्षे भरपूर सापडतात. या उंबरठ्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

७/ मुलींसाठी तर दोन्ही दारे बंद होती. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत काढलेले शारदासदन पुढच्याच वर्षी पुण्यात आले. त्याच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई ही तरुण विधवा होती. पुढे त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. धर्मांतराच्या वादळात १८९३ मध्ये अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. नंतर धोंडो केशव कर्व्यांचा आश्रम हिंगण्याच्या माळावर झोपडीत उभा राहिला. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून कर्वे रोज पायी हिंगण्याला जात.

८/ १९०९ मध्ये पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह सुरू झाले. आजचे पुणे विद्यार्थी गृह ते हेच. येथील मुले माधुकरी मागून आणत आणि एकत्र बसून जेवत. रीत जुनीच, पण एकट्याची झोळी आता संस्थेची झाली होती.

९/ आता कोल्हापूर. शाहू महाराजांनी १८९६ मध्ये राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी सर्व जातींना खुले वसतिगृह काढले. कागदावर खुले, प्रत्यक्षात कारभार ज्यांच्या हाती, त्यांच्याच जातीची मुले तेथे उरली. या अपयशातून महाराजांनी घेतलेला निर्णय आजही वाद निर्माण करतो. सर्वांसाठी एक दार उघडत नसेल, तर प्रत्येकाला स्वतःचे दार द्यायचे. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम, १९०७ मध्ये लिंगायत, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. पुढे शिंपी, दैवज्ञ, सारस्वत, प्रभू, ख्रिस्ती, ढोर-चांभार अशी रांगच लागली. दरबाराने जागा आणि अनुदाने दिली. त्या त्या समाजाने चालक आणि वर्गणी उभी केली.

१०/ यामुळे जाती पक्क्या झाल्या, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच पोकळ नाही. पण त्या घडीचा हिशेब पाहा. खेड्यातल्या शेतकऱ्याने मुलाला शहरात पाठवायचे, तर तो जेवेल कोणाच्या हातचे, हा प्रश्न त्या शेतकऱ्यालाही पडत होता. महाराजांनी त्या प्रश्नाशी तत्त्वचर्चा केली नाही. आचारी नेमू दिला. माझ्या मते, १९०२ मधील पन्नास टक्के राखीव जागांच्या आदेशाइतकाच हा निर्णय महत्त्वाचा आहे. वसतिगृहे नसती तर त्या जागांवर बसायला शिकलेली मुले आली कोठून असती?

११/ आणि तरीही आक्षेपाची बाजू दाखवणारी घटना याच कोल्हापुरात घडली. कुंभोजचा भाऊराव पाटील हा मुलगा जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत होता. १९०८ मध्ये तो मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला गेला. परतल्यावर त्याला सांगण्यात आले: अस्पृश्यांच्या समारंभातून आला आहेस, स्नान केल्याशिवाय भोजनगृहात पाऊल टाकायचे नाही. भाऊरावांनी स्नानाला नकार दिला. त्यांना बोर्डिंग सोडावे लागले.

१२/ बहुजनांसाठी उघडलेल्या दारालाही एक उंबरठा होता तर! भाऊराव मॅट्रिकही झाले नाहीत. पण पुढे त्यांनी जे केले, ते जणू त्या न केलेल्या स्नानाचे उत्तर होते. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकच वसतिगृह उघडले. एकच चूल, एकच पंगत. स्वयंपाकाची पाळी मुलांचीच. महाराची भाकरी मराठ्याच्या ताटात आणि मराठ्याची महाराच्या. १९२४ मध्ये याला केवढे धैर्य लागले असेल! धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग' असे नामकरण झाले. ज्यांच्या राज्यातील वसतिगृहातून बाहेर पडावे लागले, त्यांचेच नाव भाऊरावांनी आपल्या वसतिगृहाला दिले.

१३/ आपल्या विदर्भाचाही यात वाटा आहे. १९२० च्या मे अखेरीस नागपूरला भरलेल्या अखिल भारतीय बहिष्कृत परिषदेचे अध्यक्षस्थान शाहू महाराजांनी भूषवले; तरुण आंबेडकर तेथे उपस्थित होते. त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने हाती घेतलेल्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे १९२५ मध्ये सोलापुरात उघडलेले वसतिगृह. अमरावतीत पंजाबराव देशमुखांनी त्याच दशकात सर्व जातींसाठी श्रद्धानंद छात्रालय काढले. आणि पुणे? १९४९ मध्ये ते विद्यापीठाचे शहर झाले. खेड्यांतून येणाऱ्या मुलांचा लोंढा वाढला, तेव्हा १९५५ मध्ये अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहायक समिती सुरू केली. तिची वसतिगृहे आजही भरलेली असतात.

१४/ आता पेठांत वार लावणारे कोणी उरले नाही. कॉट बेसिसची खोली, महिन्याची मेस आणि दारावर 'फक्त शाकाहारी विद्यार्थ्यांसाठी' ही पाटी आहे. खोली पाहायला गेलेल्याला आडनाव विचारले जाते, हेही ऐकिवात आहेच.

१५/ गोंदियाहून रोज महाराष्ट्र एक्सप्रेस सुटते. नागपूर, अकोला, पुणे, सातारा, कऱ्हाड असे थांबे घेत ती दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला पोहोचते. या धाग्यातील बहुतेक गावे त्या एका तिकिटावर लागतात. जूनमध्ये तिच्या जनरल डब्यात बिरसीकडची मुले पत्र्याची पेटी नाही, पण पाठीवरची बॅग आणि घरच्या तांदळाची पिशवी घेऊन चढतात. पुण्यात सामायिक खोलीत पहिला भात त्या तांदळाचा शिजतो, आणि खोलीतले सगळे एकाच कुकरमधून वाढून घेतात.